शेतकऱ्यांचे गुरु पीटर मॉरीन

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं मंदिर कोणीं बांधलें, घंटा कोणीं अर्पण केली, ह्याचें स्मरण आपण आदरानें करतों. परंतु गांवाला वळण लावणारीं माणसें कशीं घडवावीं, हा प्रश्न मंदिर बांधण्याहूनहि कठीण आहे. त्याच प्रश्नाकरितां ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या पीटर मॉरीन ह्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

मॉरीन ह्यांचा जन्म १८७७ सालीं दक्षिण फ्रान्समधील एका खेड्यांत, शेतकरी कुटुंबांत झाला. तरुणपणीं एका शिक्षकबंधूंच्या धर्मसंघांत राहून त्यांनीं अध्यापन केलें. १९०९ सालीं ते कॅनडास गेले. तेथें शेती साधली नाहीं. पुढें मिळेल ती मजुरी करीत ते अमेरिकेंत आले. १९२९ नंतरच्या मंदींत लाखों मजुरांची अन्नान्नदशा झाली. १९३२ च्या डिसेंबरांत न्यू यॉर्क येथें त्यांची डॉरथी डे ह्या बाईंशीं भेट झाली, व १ मे १९३३ रोजीं दोघांनीं ‘कॅथलिक वर्कर’ हें एक सेंट किंमतीचें पत्र सुरू केलें.

मॉरीन ह्यांची योजना तीन अंगांची होती: विचारविनिमयाच्या बैठका, निराश्रितांसाठीं अतिथिगृहें, आणि खेड्यांतील शेतीवसाहती. ह्या वसाहतींना ते शेतीचीं विद्यापीठें मानीत. तेथें विद्वानानें कुदळ धरावी, मजुरानें ग्रंथ वाचावा, सर्वांनीं एकत्र प्रार्थना करावी व भूमीचा कस राखून तिच्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा मानस होता. प्राचीन आयरिश संन्याशांनीं युरोपांत हेंच कार्य केलें होतें.

१९३६ सालीं पेनसिल्व्हेनियांतील ईस्टन येथें अशी वसाहत निघाली. परंतु चर्चेस पुष्कळ जमत, कामास थोडे! अधिकारावरून कलह माजले, आणि अखेर ती शेती सोडावी लागली. मॉरीन ह्यांनीं मात्र कोणावर हुकूम चालविला नाहीं. ते स्वतः अंगमेहनत करीत राहिले. शेवटचीं पांच वर्षें त्यांची विचारशक्ति क्षीण झाली. १५ मे १९४९ रोजीं न्यूबर्गजवळील शेतावर त्यांनीं देह ठेवला. अंगावरचा पोशाख दुसऱ्याचा, थडग्याची जागाहि दान मिळालेली!

तरीहि त्यांच्या विचारानें चालणारीं अतिथिगृहें व शेतें आजहि आहेत. ईस्टनची वसाहत कां मोडली, हें आपणहि ध्यानांत ठेवावें असें आम्हांस वाटतें. आपल्या धर्मग्रामांत बोलणाऱ्यांइतकेच राबणारेहि पुढारी निपजोत, हीच ह्या महोत्सवदिनीं प्रभुचरणीं आमची प्रार्थना.