डॉक्टर आनंदीबाई जोशी आणि दहा दिवसांचे बाळ

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या मंडळात कोणाला ठाऊक नाही? अमेरिकेची बोट, अंगावरची साडी, डॉक्टरची पदवी, एवढे सगळ्याजणी सांगतात. पण हा सारा खटाटोप ज्यापायी झाला, ते बाळंतपण मात्र बहुधा सांगायचे राहून जाते.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे, नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला, बिजवर, वयाने बरेच मोठे. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. आईच अजून पोर! दहा दिवसांत बाळ गेले. वेळेवर योग्य औषधपाणी मिळाले असते तर, हा विचार त्यांच्या मनातून गेला नाही. त्या काळी डॉक्टर म्हणजे पुरुष. त्याला दुखणे सांगायचे म्हणजे लाजेने जीव जायची पाळी. बायका सोसत, आणि घरची माणसे सुईणीवर व देवावर भार टाकून मोकळी होत. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी आपल्या जाण्याचे हेच कारण भर सभेत मांडले आणि एप्रिलमध्ये पतीला मागे ठेवून त्या बोटीत बसल्या.

अमेरिकेत कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखे सांभाळले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. मला तर पदवीपेक्षा ही निवडच मोठी वाटते.

आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते, तेव्हा जबाबदारी आईची. पाय सुजायचेच, असे आपण म्हणतो. पण तोंड व हात सुजले, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब वाढल्याची शंका घ्यावी. त्यातून झटके येऊन जीव जातो. अंगावरून रक्त जाणे, ताप, पोटातल्या मुलाची हालचाल मंदावणे, कळांआधीच पाणी जाणे, बाळंतपणानंतर रक्त न थांबणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. सासूबाईंना विचारून सांगते, असेही म्हणू नये! १०८ ला फोन करावा. अमरावतीचे स्त्री रुग्णालय, लोकांच्या तोंडचे डफरीन, चांदूरहून काही दूर नाही.

आनंदीबाईंना मात्र बाळंतिणींची सेवा करायला मिळाली नाही. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. पण १८८६ च्या अखेरीस परतल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, ठेवली.