अंगावर काढलेले दुखणे

पायाचे दुखणे रेंगाळले, की धावपटू ते बहुधा अंगावर काढतो. चार दिवस तेल चोळून पाहतो, शर्यत तोंडावर आली तर पट्टी बांधून पळतो आणि पाऊल टेकवणेच अशक्य झाले, की मग डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर रागावतात, आणि त्यांचे रागावणे रास्तच असते. पण इतरांना वेळेवर उपचार घ्यायला लावणारा डॉक्टर स्वतः आजारी पडला तर? सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे आयुष्य या प्रश्नापाशी येऊन थांबते.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात, एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारे ते गाव. १९३० मध्ये या गावाने इंग्रजांचा मार्शल लॉ सोसला आणि १९३१ च्या जानेवारीत आपले चार हुतात्मे फासावर गेलेले पाहिले. तेव्हा द्वारकानाथ विशीत होते. पुढे मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. चारचौघांसारखा दवाखाना थाटावा, घराला हातभार लावावा, असा सरळ मार्ग समोर होता.

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी जू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून त्यांची बोट सुटली, तेव्हा कोटणिसांचे वय अठ्ठावीसही पुरे नव्हते.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी त्यांना कळली. परतायला कोणी नाही म्हटले नसते. ते परतले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले आणि पुढे कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले.

तिथली फौज पायी चालणारी. पायात गोळी लागलेला सैनिक दवाखान्यापर्यंत येणार कसा? गावकरी त्याला स्ट्रेचरवर घालून डोंगर ओलांडायचे, आणि वाटेत जखम चिघळायची. म्हणून कॅनडाहून आलेले डॉ. नॉर्मन बेथून यांनी रीतच बदलली होती. जखमीने डॉक्टरकडे येण्याची वाट न पाहता डॉक्टरनेच जखमीकडे जायचे! याच बेथूनना शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली. ती चिघळली, विष रक्तात भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा अंत झाला. हजारोंच्या जखमा धुणारा शल्यविशारद बोटाच्या जखमेने गेला.

बेथून यांची परंपरा कोटणिसांनी पुढे चालवली. १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास, झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईतील आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, असे सांगितले जाते. १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. ते चिनी भाषा शिकले आणि विद्यार्थ्यांना त्याच भाषेतून शिकवू लागले. परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. दोन देशांची गाठ मुलाच्या नावातच बांधली गेली.

पण शरीर कुरबुर करू लागले होते. अपुरे अन्न, थंडी, जागरणे यांचा भार होताच, त्यात अपस्माराचे झटके येऊ लागले. झटके आवरणारे फिनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात होते, पण वेढ्यात सापडलेल्या त्या मुलखात साधी औषधेही दुर्मीळ. तिथून बाहेर पडून उपचार घ्यावेत, असा सल्ला त्यांना दिला गेला. काम सोडून जायला ते तयार झाले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांनीच त्यांचा बळी घेतला. वय अवघे बत्तीस. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा.

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' पडद्यावर आणली आणि हे नाव घरोघरी गेले. चीनमध्ये शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, तर सोलापुरात भैय्या चौकातील घराचे स्मारक झाले आहे.

कोटणिसांच्या त्यागापुढे मान लवते. तरीही मनात एक हळहळ उरते. ते काही महिने उपचारासाठी थांबले असते, तर कदाचित आणखी कितीतरी जखमींना त्यांचे हात लाभले असते, आणि यिनहुआला बाप! त्यांच्यापुढे युद्ध होते, मागे औषधांचा दुष्काळ होता. आपल्यापुढे यातले काही नसते. घरातला धावणारा मुलगा महिनाभर लंगडत असतो, आई चक्कर आली तरी ओट्यापाशी उभी असते, वडील छातीतली कळ लपवतात, आणि या साऱ्याला आपण सहनशीलता म्हणतो. कोटणिसांसारखी सेवा प्रत्येकाला जमणार नाही. पण घरातल्या माणसाचे दुखणे अंगावर काढू न देणे, एवढी सेवा तर जमण्यासारखी आहे.