समजून घ्या : गाडगेबाबांच्या लेखी शुद्धी म्हणजे काय?

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन हे गाव आहे. पौष महिन्यात तिथे यात्रा भरते. या ठिकाणी स्नान केले की ऋण फिटते, अशी लोकांची श्रद्धा. सावकाराच्या वहीतले कर्ज मात्र आंघोळीने फिटत नाही, हे डेबूजी झिंगराजी जानोरकर यांनी घरातच पाहिले होते. हेच पुढे संत गाडगेबाबा झाले.

कोण होते डेबूजी?
२३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावात परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली. तिथे डेबूजींनी गुरे राखली, शेती केली. मामांची शेती सावकारी कर्जात गेली.

मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची पंगत अपेक्षित होती. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले.

बापाचा दोष मुलाला लागतो का?
प्रश्न फार जुना आहे. इसवी सनपूर्व ५९७ मध्ये जेरुसलेममधून बॅबिलोनला नेलेल्या यहुद्यांत यहेज्केल हा संदेष्टा होता. पूर्वजांच्या पापाची शिक्षा आपण भोगतो, असे हे लोक म्हणत. यहेज्केलने ते नाकारले. देव ज्याचा त्याचा न्याय करतो आणि बापाची वाईट वाट सोडणारा मुलगा वाचतो, असे त्याने सांगितले. देव शुद्ध पाणी शिंपडून लोकांना निर्मळ करील, ही आशाही त्याने दिली.

काळ आणि धर्म वेगळे. पण दारूने वडील गमावलेल्या डेबूजींनी हीच वाट बदलून दाखवली. फरक एवढाच, की शुद्धीचे काम त्यांनी माणसाच्याच हाती दिले.

ते काम कोणते?
१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि गाडगे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून दारू, कर्ज, पशुबळी आणि शिवाशिव यांचा हिशेब मांडायचा. १९०८ मध्ये त्यांनी पूर्णेवर घाट बांधला. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना निवारा मिळत नसे. त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली. पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली.

शेवट कुठे झाला?
२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, पेढी नदीकाठी त्यांचे निधन झाले. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे. राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानाला आणि अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. कर्ज आणि दारू हे त्यांच्या कीर्तनातले विषय मात्र वऱ्हाडातल्या गावांत अजून जुने झालेले नाहीत.