कुरणात शाळा भरविणाऱ्या अनुताई वाघ

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर, मोरगाव हा परिसर अष्टविनायकांतील मयूरेश्वरामुळे सर्वांना परिचित आहे. याच मोरगावी १७ मार्च १९१० रोजी अनुताई वाघ यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य, असे दुःख त्यांच्या वाट्याला आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य घराच्या कोपऱ्यात संपून जात असे. अनुताईंनी मात्र शिक्षण पुरे केले व त्या शिक्षिका झाल्या.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी डहाणूजवळील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली समाजात स्थिरावले. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा वारली त्याच्याकडे लग्नगडी म्हणून राबत असे. १९४५ मध्येच या वेठीविरुद्ध वारल्यांनी उठाव केला होता.

दारिद्र्य असले तरी वारली जीवन रिते नव्हते. कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली घरे. लग्नप्रसंगी सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर रेखाटलेला चौक. विवाहविधी गाणी गाऊन पार पाडणारी धवलेरी. तारप्याच्या सुरावर फेर धरून होणारे नृत्य आणि धान्यरूपाने पुजली जाणारी कणसरी माता, अशी त्यांची समृद्ध परंपरा होती. वारली मुलाला रानातील झाडे, पाखरे व ऋतू नावानिशी ठाऊक असत.

तरीही ही मुले शाळेत येत नसत. मोठी मुले गुरे राखीत व धाकट्या भावंडांना सांभाळीत. त्यांना शाळेत बसविले तर घरचे काम अडत असे. अनुताईंनी ही अडचण ओळखली. गुरे चरत तेथे शिक्षिका जाऊ लागल्या आणि कुरणशाळा भरू लागली. तान्ह्यांसाठी पाळणाघर व लहानग्यांसाठी बालवाडी शाळेला जोडली. महागड्या शैक्षणिक साधनांऐवजी शंख, शिंपले, खडे, बिया व पाने वापरून मुले मोजणी शिकली. मुलांना जे ठाऊक होते, तेथूनच त्यांचा अभ्यास सुरू होई.

वस्तीवरच्या अंगणात बालवाडी भरविण्याच्या या प्रयोगातून अंगणवाडीची कल्पना आकारास आली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे ते नाव देशभर पोहोचले. १९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाल्यावर अनुताईंनी कोसबाडचे काम नेटाने चालविले. १९८४ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

आदिवासींना शिकविण्यास निघालेल्या माणसाने प्रथम त्यांच्या अंगणात बसावे, त्यांचे जगणे समजून घ्यावे, हा धडा अनुताईंनी सत्तेचाळीस वर्षांच्या सेवेतून घालून दिला. शाळेची पायरी चढताना मुलाला स्वतःच्या माणसांची लाज वाटू लागली, तर ते शिक्षण अपुरेच राहते, असे आम्हांस वाटते. या थोर सेविकेच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन!