परीक्षेच्या दारी हेलन केलर

अमेरिकेत १८८० साली जन्मलेल्या हेलन केलर एकोणीस महिन्यांच्या असताना आजाराने दृष्टी व श्रवण गमावून बसल्या, हे आपण जाणताच. रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी त्यांनी १८९६ पासून तयारी केली. शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन पाठ्यपुस्तके त्यांच्या तळहातावर अक्षराअक्षराने उमटवीत. १८९९ च्या अंतिम परीक्षेत मात्र बाईंना मज्जाव झाला. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये मिळाल्या. पण त्यांतील बीजगणिताची चिन्हे हेलनच्या सरावातली नव्हती. त्या गोंधळल्या, तरी उत्तीर्ण झाल्या. १९०४ साली त्यांनी सन्मानाने पदवी संपादन केली. वाचकहो, बुद्धी उणी नव्हती. उणी होती ती ओळखीची लिपी. आपल्या परिचयातील अंध विद्यार्थ्याला कीव नको, वाचता येईल असे पुस्तक वेळेवर हवे.