पंडिता रमाबाईंचे सोप्या मराठीतील शास्त्र

पंडिता रमाबाई ह्यांचे नाव आमच्या मंडळ्यांतील लेकरांसही ठाऊक आहे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु तेव्हा आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे, हे काही वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले. प्रभूची प्रीति अंतःकरणास भिडली, आणि मग त्यांनी स्वतःकरिता काही राखून ठेविले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील उपाशी मुली व विधवा त्यांनी केडगावी आणल्या. ती कथा पुष्कळांनी सांगितली आहे. आम्हांस त्यांचे उत्तरवयातील नित्याचे काम अधिक मोलाचे वाटते. अडाणी स्त्रीलाही शास्त्र ऐकताच समजावे म्हणून, संस्कृतात पारंगत अशी ही पंडिता नव्याने इब्री व ग्रीक भाषा शिकली, आणि पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करू लागली. जड संस्कृत शब्द त्यांच्या जिभेवर होते. ते त्यांनी बाजूस सारिले. आमच्या उपदेशकबंधूंनी हे अवश्य ध्यानात घ्यावे! खिळे जुळविणे व छापणे ही कामे मुक्तिसदनातील मुलीच शिकल्या.

रमाबाईंचे कान मंद झाले, तरी काम सुटले नाही. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारल्या. मातेने डोळे पुसून पुन्हा मुद्रिते हाती घेतली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निद्रित झाल्या, तोवर भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला.