सरोवरांच्या देशातील दर्यावर्दी : सॅम्युअल द शाम्प्लेन

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रुआज हे एकेकाळी मिठाच्या व्यापारासाठी ख्यातनाम असलेले बंदर. तेथील एका दर्यावर्दी कुटुंबात सॅम्युअल द शाम्प्लेन वाढला. कॅनडातील क्वेबेक शहराचा संस्थापक म्हणून इतिहास त्याला ओळखतो. उत्तर अमेरिकेचा ईशान्य किनारा आणि त्यामागे पसरलेला सरोवरांचा विस्तीर्ण प्रदेश युरोपच्या नकाशावर आणण्याचे श्रेयही त्याच्याकडे जाते. हे कार्य त्याने तेथील आदिवासींच्या होड्यांत बसून पार पाडले आणि त्या होड्यांतील जागेची किंमतही त्याला चुकवावी लागली.

१६०३ मध्ये तो प्रथम सेंट लॉरेन्स नदीच्या मुखातून आत शिरला. आज जेथे मॉन्ट्रिऑल वसले आहे, तेथील खळाळत्या प्रवाहापाशी फ्रेंचांच्या नावा अडल्या. आदिवासींच्या होड्यांना मात्र ही अडचण नव्हती. भूर्जवृक्षाची साल लाकडी सांगाड्यावर ताणून बनविलेली ही होडी वजनाने इतकी हलकी, की खडकाळ टप्पा आला म्हणजे ती खांद्यावर घेऊन काठाने चालत जावे आणि पुढे पुन्हा पाण्यात सोडावी. या देशात फिरायचे तर याच होडीतून, हे शाम्प्लेनने त्याच वेळी ओळखले. पलीकडच्या मोठ्या सरोवरांची माहितीही त्याने आदिवासींना विचारून टिपून घेतली. त्या पाण्यामागे आशियाकडे जाणारा मार्ग सापडेल, अशी त्याला आशा होती.

१६०४ ते १६०७ या काळात त्याने केप कॉडच्या दक्षिणेपर्यंतचा किनारा धुंडाळला आणि बंदरांचे बारकाईने नकाशे काढले. सेंट क्रॉय बेटावरील पहिल्या हिवाळ्यात ७९ पैकी निम्म्याच्या जवळपास माणसे प्रामुख्याने स्कर्व्हीने दगावली. १६०८ मध्ये त्याने क्वेबेकची वसाहत स्थापन केली. तेथेही पहिल्या हिवाळ्याअखेर २८ पैकी अवघे ८ जण उरले. मूठभर फ्रेंचांना जगायचे आणि बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार करायचा, तर आदिवासींच्या मैत्रीवाचून गत्यंतर नव्हते.

अल्गॉन्क्विन, ह्युरॉन आणि माँतान्ये या मित्र जमातींचे दक्षिणेकडील इरोक्वॉ संघाशी जुने वैर होते. आपला प्रदेश दाखविण्याच्या मोबदल्यात त्यांना या युद्धात शाम्प्लेनची साथ हवी होती. १६०९ च्या उन्हाळ्यात तो त्यांच्यासह निघाला. रिशल्यू नदीवरील धबधब्यांपाशी त्याची शिडाची नाव थांबली. ती माघारी पाठवून तो दोन फ्रेंच साथीदारांसह आदिवासींच्या होड्यांत बसला. २४ होड्या आणि ६० योद्धे. शत्रूचा मुलूख जवळ येताच हा काफिला दिवसा झाडीत दडून राहू लागला आणि रात्री वल्ही मारू लागला. अशा रीतीने तो सुमारे १९० किलोमीटर लांबीच्या एका सरोवरातून पुढे सरकला. या सरोवराला शाम्प्लेनने स्वतःचे नाव दिले.

जुलैच्या अखेरीस सरोवराच्या दक्षिण भागात सुमारे २०० मोहॉक योद्धे समोर आले. शाम्प्लेनने बंदुकीत चार गोळ्या ठासून बार काढला. दोन सरदार जागीच कोसळले आणि मोहॉकांची फळी फुटली. इरोक्वॉ आणि फ्रेंच यांच्यातील पुढील प्रदीर्घ संघर्षाचे मूळ या एकाच गोळीबारात शोधणे एकांगी ठरेल, कारण व्यापारी स्पर्धाही त्याला तितकीच कारणीभूत होती. तरीही फ्रेंचांनी एक बाजू निवडली होती, हे उघड झाले. हे वैर मिटविणारा व्यापक तह मॉन्ट्रिऑल येथे व्हायला १७०१ साल उजाडावे लागले.

१६१५ मध्ये ओटावा नदी आणि निपिसिंग सरोवरमार्गे तो ह्युरॉन सरोवराच्या जॉर्जियन उपसागरावर पोहोचला. या अथांग जलाशयाला त्याने गोड्या पाण्याचा समुद्र म्हटले. पुढे ह्युरॉन योद्ध्यांसह ओंटारिओ सरोवर ओलांडून त्याने इरोक्वॉ संघाच्या एका तटबंद गावावर चाल केली. हा हल्ला मात्र फसला. बाण लागून जखमी झालेल्या शाम्प्लेनला पाठीवर बांधून परत आणावे लागले. क्वेबेकला परतण्यासाठी त्याने होडी मागितली, पण यजमानांनी ती दिली नाही. संपूर्ण हिवाळा त्याला ह्युरॉनांच्या वस्तीत काढावा लागला. या सक्तीच्या मुक्कामात त्याने त्यांची शेती, शिकार आणि चालीरीती यांचे तपशीलवार वर्णन नोंदवून ठेवले. तिला पूर्वग्रहांचा स्पर्श आहे, तरी त्या समाजाविषयीच्या जुन्या लेखी नोंदींत तिचे स्थान मोलाचे आहे.

१६२९ मध्ये इंग्रजांनी क्वेबेक जिंकले. १६३२ च्या तहाने ते फ्रान्सला परत मिळाले. त्याच वर्षी शाम्प्लेनचा अखेरचा मोठा नकाशा प्रसिद्ध झाला. स्वतः न पाहिलेल्या सरोवरांसाठी त्याने त्यात आदिवासींनी सांगितलेल्या माहितीचाच आधार घेतला होता. १६३३ मध्ये तो क्वेबेकला परतला आणि २५ डिसेंबर १६३५ रोजी तेथेच त्याचे निधन झाले.

त्याचे एकही अस्सल व्यक्तिचित्र उपलब्ध नाही आणि त्याच्या थडग्याचा ठावठिकाणाही लागलेला नाही. त्याने नाव दिलेले सरोवर मात्र व्हरमाँट आणि न्यूयॉर्क या राज्यांच्या सीमेवर पसरले आहे आणि त्याचे उत्तर टोक क्वेबेक प्रांतात शिरते. या दोन राज्यांदरम्यान सरोवरातून आज फेरीबोटी मोटारी आणि प्रवासी वाहून नेतात. ज्या काठांनी शाम्प्लेनचा काफिला दिवसा दडून बसत होता, त्याच काठांवर आता त्यांचे धक्के आहेत.